अर्धा पिवळा खांब

रंग? कुठला, या खांबाचा? अहो, तो आमच्या जाऊबाईंच्या अकलेचा उजेड आहे. हिरवी बाजू माझी, पिवळी तिची. बाकीचे खांब बघा ना, या दारापासून त्या दारापर्यंत सगळे हिरवे, एका ओळीत कसे शहाण्यासारखे उभे आहेत — आणि मधेच हा एक, अर्ध्या अंगाला कावीळ झाल्यासारखा. वाटणी झाली ना आमची, थोरल्याचा ओटा हा, धाकट्याचा तो, आणि खांब पडला बरोबर मधे. तेव्हा बाई म्हणाली, खांबाची माझी बाजू मी मला हवी तशी रंगवणार. म्हटलं, रंगव. मला वाटलं नुसती बोलतेय. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर ही बया शिडीवर! डोक्याला फडकं, हातात डबा, आणि वरपासून खालपर्यंत पिवळाधमक. म्हणे पहाटेच्या अंधारात तेवढंच बरं वाटतं. — जरा इकडं सरका हो, तुम्ही उभे आहात तिथूनच गिऱ्हाईक येतं, आणि माझी अजून बोहनी व्हायचीय. काही घेणार आहात का? कांदा आहे, बटाटा आहे, लसूण आहे. नाही ना? वाटलंच मला. पिशवीतून ब्रशाचा दांडा डोकावताना दिसला तेव्हाच ओळखलं — चित्रकार. चित्रकार कांदा घेत नाहीत.

येतात ना, बरेच येतात. घडीचं स्टूल उघडतात, ऐन वाटेत मांडतात, मान वर करून बसतात नि छत काढतात. छताखाली माणसं असतात, त्यांचे ठिपके. मागं एक बाई आली होती, दिवसभर इथं ठाण मांडून बसली आणि जाताना मला चित्र दाखवलं, मोठ्या कौतुकानं. मी म्हटलं, यात मी कुठं? तर म्हणाली, या काय! तपकिरी ठिपका. माझ्यापेक्षा बटाट्याचं पोतं मोठं काढलं होतं. मी म्हटलं, छान आहे हो, हुबेहूब. काय बोलणार? तुम्ही निदान स्टूल तरी आणलं नाहीत. आणि तुमचा ब्रश चांगलाच रुंद दिसतोय — चित्रं रंगवता की भिंती? बरं बरं, हसू नका, ज्याची त्याची पद्धत.

छताचं विचारताय? विचारा, सगळे छताचंच विचारतात. हे सगळं लोखंड बोटीतून आलंय. इथं कुणी काही ओतलेलं नाही. लांब कुठल्या तरी कारखान्यात खांब ओतले, कमानी ओतल्या, ती वर पानांची नक्षी दिसते ना, तीसुद्धा ओतीव — आणि एकेका तुकड्यावर आकडा घालून पेट्यांतून पाठवून दिलं. इथल्यांनी काय करायचं, तर आकड्याला आकडा जोडायचा. लहान मुलं ठोकळे जोडतात तसं. तेवढंसुद्धा धड जमलं नाही! वाका जरा, खांबाच्या पायाशी बघा — दिसला आकडा? आता हाच आकडा, अगदी हाच, मासळीच्या दाराशी आणखी एका खांबावर आहे. एका आकड्याचे दोन खांब, आणि एक आकडा अख्ख्या मंडईत कुठंच नाही. कुणी म्हणतं, खरा खांब समुद्रात पडला. कुणी म्हणतं, कारखान्यातल्यांनी झोपेत एकच दोनदा ओतला. काय असेल ते असो, हा आमचा खांब मूळचा या जागेचा नाहीच. म्हणून बोटभर आखूड आहे. खाली दगड घालून उंची भागवलीय. आणि शंभराच्या वर वर्षं झाली, एवढं मोठं छत या लंगड्याच्या खांद्यावर हात टाकून उभं आहे. आमच्या वाटणीत नेमका तो यावा!

आणि ज्यानं बांधलं म्हणतात तो बाहेर बसलाय, मोठ्या दारावर. नुसतं दगडाचं मुंडकं. कबुतरं रोज त्याची पूजा बांधतात. नगराध्यक्ष होता. खाली पाटी आहे — ‘लोकांच्या सोयीसाठी.’ कसली डोंबलाची लोकांची सोय! सासूबाई सांगायच्या, आणि त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं — इथं उघडं मैदान होतं, घोट्याएवढा चिखल असायचा, आणि एक दिवस नगराध्यक्षाची बायको गाडीतून उतरली ती थेट चिखलात बसली. फतकल मारून. नव्या कपड्यांसकट. सगळा बाजार हसला. घरी जाऊन तिनं नवऱ्याला काय ऐकवलं ते त्याचं त्याला माहीत, पण वर्षाच्या आत लोखंड घेऊन बोट हजर. आणि छप्पर झाल्यावर बाई परत एकदाही इथं फिरकली नाही! त्याचं तर विचारूच नका, मुळ्याची जुडी कशी दिसते हे न बघताच गेला असणार. नाव मोठं नि लक्षण खोटं.

नकाशा काढणारा त्याच्याहून दिव्य. ते बघा, छताचा मधला भाग उचललेला आहे, एका अंगाला लाकडी झडपा, एका अंगाला काच. झडपांतून वारा यावा, काचेतून उजेड यावा, पण ऊन येऊ नये. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. चांगली कल्पना वाया कशी घालवावी हे मात्र शिकावं तर त्या माणसाकडून. बांधताना कागद उलटा धरला म्हणे! काच यायची उत्तरेला ती आली दक्षिणेला. मासळीला सावली, पालेभाजीला वारा असं सगळं ठरलेलं, ते सगळं फिरलं. सकाळपासून मासळी उन्हात. दुपारी वास सुटला की नकाशेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आणि पालेभाजी — दुपारचं ऊन काचेतून उतरतं ते बरोबर जाऊबाईंच्या ओट्यावर. तिच्याच. माझ्यावर नाही, माझा ओटा खांबाच्या सावलीत. अख्ख्या मंडईत असा ओटा नाही. हात लावा, लावा, बघा दगड कसा गार लागतो. आणि हा इथं खळगा लागला बोटांना? कोपराचा आहे. आधी सासूबाईंचं कोपर, मग माझं. गिऱ्हाईकाची वाट बघायची म्हणजे कोपर टेकायचंच की. दगड झिजला, आम्ही नाही झिजलो. मुलगा म्हणतो, आई, पुरे आता, घरी बस. घरी बसून काय करू, भिंतींशी भाव करू?

का ठोकताय? हो, पोकळच आहे, सगळेच खांब पोकळ आहेत. छतावरचं पाणी पन्हाळीतून खांबात नि खांबातून खालच्या गटारात. बाहेर एक नळ दिसता कामा नये — ही त्या नकाशेवाल्याची हौस. आता पोकळी म्हटली की कबुतरं आली. पिसं टाकतात, काड्या टाकतात, कधी कधी स्वतःच पडतात. खांब तुंबला की ओट्यावर धबधबा. म्हणून इथला जुना रिवाज आहे — खांब ज्या दोन ओट्यांच्या मधे, त्या दोघांनी मिळून तो साफ करायचा. एकानं शिडीवर चढून वरच्या तोंडातून सळई घालायची, एकानं खालच्या झाकणाशी बसून घाण ओढायची. एक वर्ष हा वर, एक वर्ष तो वर. वरच्याला खालचं ऐकू येत नाही, म्हणून काट्याच्या वजनानं खांब ठोकायचा. एक ठोका म्हणजे ढकल, वरून आला तर ओढ, दोन म्हणजे थांब. आता आम्ही दोघी बोलत नाही. नवरे होते तोवर त्यांच्या तोंडून बोलायचो — सांगा तुमच्या वहिनीला, सांगा तुमच्या बायकोला. मग ते दोघं भाऊ गेले, एकापाठोपाठ एक गेले, आणि बोलणंच संपलं. पण खांब काही तुंबायचा थांबत नाही ना! मग राहिले ठोके. आणि ते वाढतच गेले हो. सकाळी ती आली की एक ठोका — आले. मग माझा एक — दिसतंय. म्हणजे मी द्यायचे तो तुसडेपणानंच द्यायचे, ऐकणाऱ्याला फरक कळतो. दोन ठोके म्हणजे, ओट्याकडं बघ, आलेच. तीन म्हणजे, तो घासाघीस करणारा मास्तर येतोय, भाव चढवून सांग. एवढंच. भांडायला ठोका नाही, त्याची सोयच नाही. म्हणून तर इतकी वर्षं टिकलं.

ती? आहे की. चहाला गेलीय. आत्ता इथं होती, तुम्ही आलात नि ती गेली. ओटा कसा भरलेला आहे बघा ना — पालक आहे, कोथिंबीर आहे, लिंबं आहेत, काटा टांगलेला आहे. मालक नसता तर काटा कुणी टांगला असता? ओल्या पोत्यानं पालेभाजी झाकलीय, एवढी टापटीप. येईल. तिचा चहा म्हणजे काय विचारता, बशीत ओतून, फुंकर मारून मारून.

तिकडं काय बघताय? ती लाल फुली? तो धारवाल्याचा ओटा. कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचा. आजारी पडला बिचारा, दोन महिने आला नाही, मारली फुली. मंडईच्या ऑफिसचा नियम आहे — सव्वा महिना ओट्यावर घरचं माणूस बसलं नाही की ओटा गेला. फुलीवाला येतो, लाल रंगानं दगडावर फुली मारतो, की ओटा ऑफिसचा. मग लिलाव. आता लिलावात कोण घेतो? भाजीवाला नाही घेत. कॉफीचं दुकान घेतं. फुलं ठेवलेल्या बाटल्या विकणारे घेतात. धारवाला बरा होऊन आला, सहाण डोक्यावर घेऊन आला हो, आणि फुलीसमोर उभा राहिला. आल्या पावली परत गेला. तेव्हापासून या ओळीत कुणाच्या घरी ताप आला तरी पहिल्यांदा ओट्याची काळजी. आणि शेजाऱ्यानं मदत करायची म्हटलं तर तेही नाही — एका माणसाला एकच ओटा, आणि ओटा कुणाचा, तर ज्यावर त्यानं बोहनी केली त्याचा. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून पहिलं गिऱ्हाईक केलंस की तुझा स्वतःचा ओटा तिथल्या तिथं सुटला. हे ऑफिसच्याही आधीपासूनचं आहे. हावरटांना चाप म्हणून केलेलं. तो समोर अंडीवाला बसलाय ना, संडासाच्या भिंतीशी — त्याचा मोठ्या दाराशी कोपऱ्यावरचा ओटा होता. बहीण बाळंत झाली म्हणून एका सकाळी तिच्या ओट्यावर बसला नि विसरून कुणाला तरी अर्धा डझन दिली. दुपारपर्यंत फुली! मग बहीण आली तिच्या जागेवर, आणि हा शहाणा गेला भिंतीशी. अंडी विकतो, पण अक्कल तेवढी उबवायची राहिली.

काय म्हणालात? चहा फार वेळ चाललाय? चालू दे ना, तुमच्या खिशातला पिते का? — बरं, तुम्ही चित्रकार माणूस, तुमच्यापासून काय लपवायचं. तुम्ही उद्या इथं नसणार. ती चहाला गेलेली नाही. जुन्या फुलीवाल्याला सांगायचं म्हणून तोंडात बसलंय ते वाक्य. त्याला मोतीबिंदू. आठवड्यातून एकदा यायचा, त्याला हिरवा ढीग दिसला नि काटा दिसला की पुरे. मी आपली म्हणायची, आत्ता चहाला गेली हो. तो म्हणायचा, या बाईला चहा फार लागतो. आता त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, नवा कुणी येणार म्हणतात. येऊ दे. ऑफिसचा माणूस मी बुटांवरून ओळखते — कोरडे बूट. मासळीच्या ओल्या बाजूला पाऊल टाकायचं नसतं ना त्यांना. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे.

घरी आहे ती. पडून आहे. मांडीचं हाड मोडलंय. कशानं काय, आगाऊपणानं! खांब तुंबला होता. आता या वर्षी वर चढायची पाळी कुणाची, तर माझी. मी चढले असते. गुडघा दुखतो माझा, शिडी दिसली की कळ येते, पण चढले असते. मी कुणाला काही बोलले नव्हते, गुडघ्याचं तर नाहीच. सकाळी शिडी आणून लावली, वजन घ्यायला ओट्याकडं वळले, पदर खोचला — आणि वरून सळईचा आवाज. ही आधीच वर! न विचारता, न सांगता. मी कशी चालते ते बघत असणार चोरून, दुसरं काय. मी दोन ठोके दिले. थांब. तिनं वरून एक दिला — ओढ. मी पुन्हा दोन. तिचा पुन्हा एक. भांडायला ठोका नसतो म्हणून सांगितलं ना, तर त्या दिवशी भांडलो आम्ही. शेवटी बसले झाकणाशी. ढीगभर पिसं निघाली, एक अख्खं घरटं निघालं, आणि मग पाणी खळकन उतरलं, आणि ती उतरताना खालून तिसऱ्या पायरीवरून — तिसरी पायरी हो, एवढ्या उंचावरून नाही पडली आणि तिसऱ्यावरून पडली! त्यातही धड नाही.

मी बघायला गेले का? मी कशाला जाऊ? चहावाला जातो ना तिच्या गल्लीत, तो सांगतो. म्हणतो, हाड जुळतंय पण सावकाश. म्हणतो, अंथरुणावरून एकच विचारते, ओट्याचं काय झालं. मुलगी आहे तिला, पण ती पार लांब, मोठ्या ऑफिसात, गार हवेच्या खोलीत बसणारी — ती येऊन पालक विकणार? शिकवलं हिनंच, पालक विकून. आता भोग म्हणावं. मी चहावाल्याला म्हटलं, सांग तिला, ओटा आहे तिथंच आहे, दगडाचा आहे, पळून जात नाही. एवढंच सांग, माझं नाव घेऊ नकोस.

मग पालक कोण आणतं? कोण आणणार? पहाटे गाड्या येतात तिथं मी कांदा घेतेच, त्याबरोबर चार जुड्या. काही उपकार नाहीत त्यात. विकत मात्र नाही हं तिथून! कुणी लिंबू मागितलं तर मी लिंबू उचलून माझ्या ओट्यावर आणते आणि मग देते, बोहनी झाली असो नसो. अंडीवाल्यासारखी मी नाही. दुपारी ऊन आलं की पोतं भिजवते. संध्याकाळी उरतं ते घरी नेते, फेकायचं थोडंच? महिना झाला आमच्या घरी पालक. सकाळी पालक, रात्री पालक. मुलगा म्हणतो, आई, आपण काय शेळ्या आहोत का? मला मुळात पालक आवडत नाही. तिला आवडतो. पालकासारखीच आहे ती, हातात घ्यावी तर एवढी मोठी जुडी, शिजवली की मूठभर. आणि सकाळी — काय सांगत होते — सकाळी काटा टांगायला तिच्या बाजूला जाते ना, तेव्हा सवयीनं हातातलं वजन लागतं खांबाला. ठण्ण करतो. अर्धी मंडई वळून बघते. त्यांना वाटतं, ती आली.

हो, महिन्याच्या वर झालं. सव्वा महिना? असेल. सव्वा महिन्याच्याही वर चार दिवस गेले असतील. तुम्हाला काय करायचंय मोजून? — अहो, पण तुम्ही काढणार काय आहात? मघापासून नुसते विचारताय. छत काढणार की खांब काढणार? खांब काढायचा तर पिवळ्या बाजूनं काढू नका, ऊन आलं की डोळ्यांवर येतो. आणि कागद कुठाय तुमचा? रंग तरी दाखवा. बघू पिशवी. लाजता काय, मी काही हसत नाही. — एकच डबा? बाकीचे?

लाल.

अच्छा.

चपला घालून आलात. आणि पाय ओले. वा. शिकले हो मी, या वयात शिकले. नाकानं कांदे सोलत बसले होते इतका वेळ, ऑफिसचा माणूस बुटांवरून ओळखते म्हणे! तुमचंही कौतुक आहे. छत किती उंच, खांब पोकळ आहे का — किती गोड विचारलंत. एवढी वर्षं या ओट्यावर बसून गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवरून ओळखलं मी कोण घेणार नि कोण नुसता चिवडून जाणार, आणि तुमच्यासमोर सगळं पोतं ओतलं. आपल्याच हातानं. त्या मोतीबिंदूवाल्यापुढं चार शब्दांत भागत होतं. तिचं नाही, माझंच तोंड फुटकं.

थांबा. झाकण काढू नका अजून. हात जोडत नाही मी, घाबरू नका, जोडायची सवय नाही. तुमचा नियम सांगा मला. रिकाम्या ओट्यावर फुली, बरोबर? घरचं माणूस बसलेलं असेल त्याच्यावर नाही. जाऊ घरची असते की नाही? नवऱ्याचा सख्खा भाऊ होता तिचा नवरा. एका आईची पोरं. मग झालं तर. व्हा बाजूला, येऊ द्या मला पलीकडं. गुडघा — काही नाही, हात नको, माझी मी येते. हं. हे तिचं बसायचं. किती खाली आहे, पाटसुद्धा धड नाही! आणि ऊन — कशी बसत होती ही रोज, भाजून निघेल माणूस. बसले बघा. आता घ्या.

हे घ्या, लिंबू. नको काय? मी विचारत नाहीये, विकतेय. एक लिंबू घ्यायला काय वरून परवानगी लागते? ताजं आहे, पहाटे आणलंय, घरी नेऊन पिळा कशावर तरी, तुमच्या तोंडाला जरा चव येईल. द्या जे सुटं असेल ते. हातात नको, ओट्यावर टाका. वाजू दे चांगलं. — ए अंडीवाल्या! अरे बघितलंस ना? मान काय हलवतोस, मोठ्यानं सांग यांना. माझी बोहनी या ओट्यावर झाली. हो, कळतंय मला मी काय केलं ते, तुझ्यासारखी विसरून नाही केली! तू गप्प बस आणि अंडी सांभाळ.

आता कसं, साहेब? हा ओटा बसता झाला. आणि तो सुटला. खांबाच्या सावलीतला, गार. त्यावर मारा तुमची फुली, ब्रश कोरडा घेऊन परत जाऊ नका, ऑफिसात तुम्हालाही कुणी विचारणारं असेलच. काय बघताय माझ्याकडं? तिच्यासाठी काही केलं नाही मी, असले गैरसमज नकोत. वर चढायचं वर्ष माझं होतं. त्या बाईचे उपकार अंगावर ठेवून मरायचं नाही मला, बस. ती येईल उठून तेव्हा येईल. आली की म्हणेन, सरक. म्हणजे म्हणणार नाही, ठोकेन. लांब आहे ओटा, दोघी मावतो. कांदा या टोकाला, पालक त्या टोकाला. बोलायची काही गरज नाही.

मारा की मग! उभे काय राहिलात? कांदे नंतर उचलते मी, आधी तुमचं उरका. खळगा आहे तिथं रंग साचेल, जरा वरच्या अंगाला मारा. आणि सरळ मारा, धारवाल्याची वाकडी मारलीय तुमच्या लोकांनी. आणि हे बघा — खांबावर शिंतोडे नकोत. हिरव्यावर उडाले तर उडू देत, पण पिवळ्यावर एक ठिपका दिसला तर गाठ माझ्याशी आहे. तिनं हातानं रंगवलाय तो. जा आता, माझं गिऱ्हाईक अडतंय.